पिल्लाला क्लिकरवर शिकवताय? मग आधी या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीत फिरा नाहीतर वडगावात, हल्ली गल्लीत एक तरी नवं पिल्लू दिसतंय आणि त्याच्या मालकाच्या खिशात ऑनलाइन मागवलेला क्लिकर, बटण दाबलं की टक वाजणारी ती छोटी डबी. चांगली गोष्ट आहे, पट्ट्याला हिसके देऊन शिकवण्यापेक्षा हजारपटीनं बरी. पण चुका सगळीकडे त्याच, आणि शेवटी नाव खराब होतं पिल्लाचं, ते मला सहन होत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे क्लिकर रिमोटसारखा वापरणं. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बघा, पिल्लू लांब गवतात काहीतरी हुंगत असतं, मालक इकडून टक टक टक करतो, ते ढुंकून बघत नाही, मग आरडाओरडा. अहो, टक म्हणजे "आत्ता केलंस ते बरोबर, खाऊ येतोय" एवढंच. हुंगताना वाजवलात तर हुंगणं बरोबर ठरलं, आणि वर खाऊ दिला नाहीत तर त्या आवाजावरचा विश्वासच गेला. १९६० च्या दशकात हवाईमध्ये केरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा लावता येत नाही, चापट मारता येत नाही आणि मासा फेकेपर्यंत तो कुठच्या कुठे गेलेला असतो, म्हणून नेमक्या क्षणाला शिट्टी. क्लिकरचं काम तेच आहे, क्षण दाखवायचा.

म्हणून आधी काही न मागता नुसतं टक आणि खाऊ, टक आणि खाऊ, दहापंधरा वेळा, दिवसातून दोनतीनदा. टक ऐकून पिल्लू झटकन तुमच्याकडे वळलं की समजायचं अर्थ बसला. तिथून पुढे एक टक, एक खाऊ. चुकून वाजला तरी द्यायचा. खूश होऊन टकटकटक करायचं नाही, आणि लहान पोरांच्या हातात खेळायला तर अजिबात द्यायचा नाही.

दुसरी चूक उशिराची. ही मला सगळ्यात जास्त छळते, कारण करणाऱ्याला ती दिसतच नाही. खानापूरकडचा ओळखीतला एक पोरगा, शेतातच घर, त्यानं हौसेनं मुधोळ पिल्लू आणलं. मुधोळ म्हणजे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, नजरेवर धावणारं शिकारी कुत्रं, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलेलं. थोड्या दिवसांनी त्याचा फोन, "काकू, ही जातच हट्टी असतीय ओ, बस म्हटलं की अंगावर उडी मारालंय, लॅब्राडोरच घ्याय पायजे होतं." म्हटलं थांब, येते बघायला.

अंगणात उभी राहून बघितलं. पोरगा म्हणतो बस. पिल्लू लगेच बसतं, मागचे पाय नीट दुमडून, मान वर करून. पोरगा "व्वा" म्हणतो, मग पॅन्टच्या खिशात हात घालतो, किल्ल्या बाजूला सारतो, क्लिकर शोधतो, आणि टक वाजतो तेव्हा पिल्लाचे पुढचे पाय त्याच्या गुडघ्यावर असतात. मग खाऊ. परत बस, परत खिसा, परत उडी, टक, खाऊ. त्याला जे शिकवलं ते त्यानं बिनचूक उचललं होतं, आधी बसायचं मग उडी मारायची. कसलं हट्टी ओ, चांगलं हुशार पिल्लू ते, आणि बिचारं रोज बोलणी खात होतं.

पिल्लू आत पाठवलं आणि पोराच्या हातात एक टेनिस बॉल दिला. क्लिकर आधीच मुठीत, अंगठा बटणावर, बॉल सोड आणि जमिनीला टेकला की टक. सुरुवातीला बॉल टेकून परत वर उसळल्यावर टक वाजायचा, तेव्हा त्याला कळलं आपण किती मागे आहोत. हात बसल्यावर मगच पिल्लू बाहेर आणलं. बूड टेकताक्षणी टक, आणि खाऊ त्याच्या तोंडापाशी खाली न्यायचा, वरून दाखवला की ते उठणारच. उडी काही दिवसांत गेली. ही बॉलची प्रॅक्टिस मी सगळ्यांना सांगते आणि बहुतेक जण करत नाहीत, कारण त्यांना कुत्र्याला शिकवायचं असतं, स्वतः शिकायचं नसतं.

आता बारीकसारीक, पण रोज दिसणाऱ्या. खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो, उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. बिस्किटं नकोत, गोड कुंदा नको, चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे हे तर कुत्र्याला विषच. एका वेळी तीनचार मिनिटं बास, पिल्लाला अजून हवंय तोवर थांबायचं. आवाजाला दचकत असेल तर क्लिकर मोज्यात गुंडाळा किंवा बॉलपेनचं टक वापरा. घरात पोरगा सिट म्हणतो, आजी बस म्हणते, शेजारचे कन्नडमधून कुंद्रु म्हणतात, त्यातला एक शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा. हातात खाऊ दाखवून बसवत असाल तर पाचसहा वेळा ठीक आहे, त्यानंतर हात तसाच फिरवा पण रिकामा, आणि खाऊ टक झाल्यावर दुसरीकडून काढा, नाहीतर मोठेपणी खिसा रिकामा दिसला की ते तुमच्याकडे बघणारही नाही.

लशीचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवणं, ही मला फार लागणारी चूक. पार्व्हो या जीवघेण्या रोगाची भीती खरी आहे, गल्लीत खाली सोडू नका, पण तीन ते चौदा आठवडे हेच जग ओळखायचं वय असतं. कडेवर घ्या, गेटला उभे राहा, बस गेली टक खाऊ, छत्रीवाला माणूस गेला टक खाऊ. नंतर गणपतीच्या ढोलाला घाबरून पलंगाखाली बसणारी कुत्री कितीतरी बघितलीत मी.

आणि आता "सगळं येतंय, पुढचं सांगा" म्हणणाऱ्यांसाठी. कुठे येतंय? किचनच्या दारात, खाऊच्या डब्यासमोर. तेच बस गेटबाहेर म्हणून बघा, पिल्लू तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहील. मुद्दाम नाही करत ते, जागा बदलली की त्याच्यासाठी धडाच नवा. म्हणून हॉल, मग अंगण, मग गेटच्या आत, मग रिकामी गल्ली, आणि खडेबाजारची गर्दी सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात. किती वेळ, किती लांब आणि भोवती किती गडबड, या तिन्हीतलं एका वेळी एकच वाढवायचं. दहा सेकंद बसायला लागलं म्हणून लगेच वीस पावलं लांब जाऊन तेही मांजरासमोर, असं करू नका. दोनदा चुकलं की पायरी उतरायची, शब्द मोठ्यानं म्हणायचा नाही.

पुढचं म्हणून मी शेक हँड शिकवत नाही, पोत्यावर जाऊन बसणं शिकवते. जमिनीवर पोतं टाकायचं आणि गप्प बसायचं. तिकडे बघितलं, टक. जवळ गेलं, टक. एक पाय ठेवला, टक, खाऊ पोत्यावरच टाकायचा. चारही पाय आले की मग नुसत्या एका पायाला टक नाही. बोट दाखवायचं नाही, ढकलायचं नाही, त्याला विचार करू द्या, त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. स्वतःहून धावत जायला लागलं की मगच शब्द द्यायचा, लोक हे उलटं करतात, आधी वीस वेळा शब्द ओरडतात आणि तो शब्द कानाआड करायची सवय लावतात. दारात पाहुणे आल्यावर उड्या न मारता पोत्यावर जाणारं कुत्रं, हे रीलमधल्या गिरक्यांपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यासाठी क्लिकर बंद, तिथे शाब्बास आणि अधूनमधून खाऊ पुरतो. पण क्लिकर वाजवला की खाऊ द्यायचाच, हा नियम कधीच बदलत नाही.

सहाआठ महिन्यांचं झालं की एक दिवस ते सगळं विसरल्यासारखं वागेल, हाक मारली तर उलटं पळेल. नेमकं तेव्हाच लोक क्लिकर फेकतात आणि काठी उचलतात. वय आहे ते, बाहेर लांब दोरी लावा, दोन पायऱ्या उतरा, चांगलं चिकन काढा आणि परत हॉलपासून सुरू करा.