क्लॅटचा अभ्यास कसा करावा

बारावीनंतर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा बंगळुरू येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल, तर क्लॅट (कॉमन लॉ अ‍ॅडमिशन टेस्ट) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सध्या या परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात आणि उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा असू शकतो. परीक्षा इंग्रजीतच होत असल्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने पहिले दोन-तीन महिने गाइड बाजूला ठेवून रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचावा आणि त्यातील मुख्य मुद्दा दोन ओळींत, हवे तर मराठीत, लिहून काढावा. चालू घडामोडींचा निम्मा अभ्यास त्यातच होतो.

कायद्याच्या विभागाची भीती बहुधा अनाठायी असते, कारण लागणारा नियम उताऱ्यातच दिलेला असतो. चूक होते ती नियम बाजूला सारून स्वतःच्या न्यायबुद्धीने उत्तर दिल्यामुळे. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीशी, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो आणि अशा व्यक्तीने वय खोटे सांगितले तरी तो करार तिच्यावर बंधनकारक ठरत नाही. प्रश्नात सतरा वर्षांचा मुलगा वय खोटे सांगून सावकाराकडून कर्ज घेतो आणि सावकार कराराच्या आधारे वसुलीचा दावा लावतो. ‘मुलाने फसवले, म्हणून कराराप्रमाणे पैसे द्यावेत’ हा पर्याय मनाला पटतो, पण दिलेल्या नियमाप्रमाणे करारच अस्तित्वात नसल्याने तो चुकीचा ठरतो. म्हणून सरावाच्या वेळी प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातील कोणत्या वाक्यावरून ते काढले, हे पेन्सिलीने लिहावे. वाक्य सापडले नाही, तर ते उत्तर अंदाजाने दिले असे समजावे.

गणित दहावीपर्यंतचेच असते आणि त्यावर दहा ते चौदा प्रश्न येतात. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि तक्त्यांचे वाचन पक्के केले की पुरे.

सराव परीक्षा आठवड्याला एक दिली तरी चालेल, पण ती घड्याळ लावून, एका बैठकीत आणि कागदावर द्यावी. जेवढा वेळ पेपर सोडवायला लागला, निदान तेवढाच वेळ तो तपासायला द्यावा. चुकांची वही करून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: उतारा नीट समजला नाही, प्रश्नातील ‘नाही’ नजरेतून सुटले, की वेळ संपत आला म्हणून घाई झाली. महिनाभराने वही चाळली, तर तीच दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा आलेली दिसतात आणि पुढच्या अभ्यासाचा क्रम त्यावरूनच ठरवावा. चार पर्यायांपैकी दोन खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे फायद्याचे ठरते. एकही बाद होत नसेल, तर तो प्रश्न सोडून पुढच्या उताऱ्याकडे वळावे.