दुर्बिणीसाठी उपकरण बांधायचे असेल, तर आधी माणसे मोजा

2 मीटरच्या दुर्बिणीवर बसवायच्या छोट्या स्पेक्ट्रोग्राफचा (प्रकाश रंगांत विभागून नोंदणाऱ्या उपकरणाचा) प्रस्ताव लिहिताना आपण बहुधा आधी डिटेक्टर (प्रकाश टिपणारा भाग), ग्रेटिंग (प्रकाश रंगांत विभागणारा भाग) आणि भिंगांची कोटेशने मागवतो, त्यांची बेरीज करतो आणि उरलेल्या रकमेत माणसे कशीबशी बसवतो. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम एका मोठ्या कागदावर कामाचे महिने आखावेत आणि आराखडा, खरेदी, यंत्रकाम, जुळणी, चाचण्या व दुर्बिणीवरील बसवणी या प्रत्येक टप्प्यासमोर ते काम नेमके कोण करणार, हे लिहावे. प्रकाशिकी, यांत्रिक आराखडा, इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रणाचे सॉफ्टवेअर ही चार कौशल्ये लागतातच. एका माणसाकडे त्यांतली दोन असू शकतात. मात्र खरेदी व वेळापत्रक सांभाळणे हे प्रमुख संशोधकाने फावल्या वेळात करायचे काम नव्हे, त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावा.

बसवणीचा महिना ठरवताना पावसाळा विसरू नये. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली येथील दुर्बिणीसारख्या ठिकाणी उपकरण मे महिन्याच्या अखेरीस पोहोचले, तर पहिल्या चाचणीसाठी थेट पावसाळा सरण्याची वाट पाहावी लागते आणि तोवर तीन वर्षांच्या प्रकल्पातील कंत्राटी अभियंत्याची मुदत संपलेली असते. म्हणून उपकरण दुर्बिणीवर चढल्यानंतरचे किमान सहा महिन्यांचे पगार मूळ प्रस्तावातच मागावेत.

यंत्रकाम जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. आमच्या डिटेक्टरचा ॲल्युमिनियमचा आधार भोसरीतील एका कारखान्यातून काळे ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवणे) होऊन आला, तेव्हा दिसायला तो निर्दोष होता. पण एम3 स्क्रू दोन आट्यांनंतर पुढे सरकेना. ड्रॉइंगवर आटे झाकून ठेवण्याची सूचनाच नव्हती, त्यामुळे थर आट्यांच्या आतही चढला होता. टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) पुन्हा फिरवून सगळी भोके मोकळी करण्यात आणि आतला कण न् कण धुऊन काढण्यात दोन आठवडे गेले. पुढच्या वेळी टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांना आम्ही आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलावले आणि कारखान्यात जाणारे प्रत्येक ड्रॉइंग आधी त्यांच्या नजरेखालून घातले. पिंपरी-चिंचवडमध्ये अशी माणसे आहेत, हे पुण्यात काम करणाऱ्याचे मोठे भाग्य आहे आणि त्यांच्या मानधनाची रक्कम अंदाजपत्रकात सन्मानाने दाखवावी.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला नेमताना विशेष जपावे. उपकरण लांबले म्हणून त्याचा प्रबंध लांबू नये, यासाठी प्रतिमानांवर किंवा प्रयोगशाळेतील मोजमापांवर आधारलेली काही प्रकरणे त्याच्यासाठी आधीच निश्चित करावीत.

निधीचे बोलायचे, तर भांडवली (उपकरणांचे) आणि आवर्ती (पगारासारख्या चालू खर्चाचे) ही खर्चाची दोन शीर्षे पक्की समजून घ्यावीत, कारण उपकरणासाठी मंजूर झालेल्या पैशातून पगार देता येत नाही आणि शीर्ष बदलण्याची परवानगी मिळेपर्यंत माणूस दुसरीकडे रुजू होतो. डिटेक्टरचे कोटेशन बहुधा डॉलरमध्ये आणि थोड्याच मुदतीचे असते, मंजुरी मात्र त्यानंतर कितीतरी उशिरा येते; म्हणून विनिमय दर, वाहतूक, विमा आणि सीमाशुल्क धरून त्या रकमेवर मी 15 ते 20 टक्के जास्त धरतो. निविदेचे तांत्रिक तपशील मंजुरीची वाट न पाहता लिहून ठेवावेत, अन्यथा 31 मार्च जवळ आला की घाईची खरेदी होते आणि निधी योग्य कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र अडते.

चमू टिकवण्याचे मोठे उदाहरण पुण्याजवळच उभे आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ज्या चमूने उटीची 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण 1970 मध्ये पूर्ण केली, त्यातील अनेकांचा अनुभव पुढे पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेना उभारताना कामी आला. चमू टिकला, म्हणून शिकलेले वाया गेले नाही. आपला चमू चारच माणसांचा असला, तरी पुढच्या अनुदानाचा अर्ज चालू अनुदान संपण्याच्या निदान वर्षभर आधी करावा आणि त्यात याच माणसांची पदे मागावीत.