टाचेचं हाड वाढलंय म्हणतात? मग आधी हे करा

एक्स-रेत टाचेला काटा दिसला की "हाड वाढलंय, आता कापावंच लागणार" असं घरातलेच सुरू करतात. आमच्या पोळी-भाजी केंद्रात दिवसभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या आम्हा बायकांत टाच न दुखणारी शोधावी लागेल, म्हणून सांगते. तो काटा कित्येकांच्या टाचेत असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याचा जाड पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला. रात्रभरात तो आखडतो. म्हणून सकाळचं पहिलं पाऊल ब्रह्मांड आठवून देतं आणि थोडं चाललं की सुसह्य होतं.

तेव्हा पहिलं काम अंथरुणातच. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं धरून नडगीकडे ओढा. तळव्यावर अंगठा फिरवा. पट्टा तारेसारखा ताठ लागला की ताण बरोबर बसलाय. 10 आकडे मोजून सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. माझी दुसरी खेप कणीक मुरत ठेवली की होते. मग पोटरी: हात भिंतीला, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, अर्धा मिनिट.

फरशीवर अनवाणी उभं राहणं बंद. "स्वयंपाकघरात चपला?" म्हणून सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्याच. बाहेर कधीही न घातलेला वेगळा जोड आणला, वाद मिटला. तळ जाड हवा, टाचेशी किंचित उंच, आणि मधोमध दुमडणारा नको. झिजलेली सपाट स्लिपर घालून काही फायदा नाही.

संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली फिरवायची, 10-15 मिनिटं. गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकणाऱ्याही आहेत. मधुमेह असेल तर मात्र ना वीट, ना बर्फ. बधिर पायाला चटका कळतच नाही.

टाचेत देतात त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याची भीती. नेमाने ताण दिला तर बहुतेकींचं वर्षाच्या आत थांबतं, ऑपरेशन क्वचितच लागतं.

पायाला मुंग्या येत असतील, टाच लाल होऊन ताप असेल, झोपेतही ठणकत असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर यातलं काही करत बसू नका. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.