खिडकीच्या फ्रेमचे कोपरे तडकत होते, तो प्रश्न असा सुटला (माझा अनुभव)

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे, यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या, खिडक्या-दारं बनवतो. जानेवारीत लागोपाठ चार फ्रेम कोपऱ्यातून तडकल्या, त्यातली एक तर दांडियाबाजारच्या काकूंकडे बसवून झाली होती, फार वाईट वाटलं.

आधी वाटलं प्रोफाइलच (फ्रेमसाठी कापतो त्या प्लास्टिकच्या पोकळ पट्ट्या) खराब आलंय. एकाने सांगितलं इंडक्शनने (चुंबकीय क्षेत्राने तापवून) जोडा, पण पीव्हीसीतून वीज जात नाही, त्यामुळे ते इंडक्शनने आपलं आपण तापत नाही, सांध्यात लोखंडाची जाळी नाहीतर लोहचूर्ण घालावं लागतं आणि ते आतच राहतं, आपल्या पांढऱ्या ४५ अंशांच्या कोपऱ्याला ते काही पटलं नाही. म्हणून आपलं हॉट प्लेटचं मशीनच (तापलेल्या प्लेटवर दोन टोकं वितळवून एकमेकांवर दाबून जोडतं ते) नीट तपासलं. मीटरवर २४५ अंश, पण थर्मामीटर टेकवला तर प्लेटच्या कडेला जेमतेम २२०! हीटर अर्धा गेलेला. वर टेफ्लॉनचं कापड काळं पडलेलं, त्याची घाण सांध्यात जायची.

हीटर बदलला, कापड नवीन लावलं, आणि प्रोफाइल रात्रभर थंड शेडमध्ये राहायचे ते आदल्या दिवशीच आत आणून ठेवायला लागलो. वितळायला ३० सेकंद, मग दाबून तेवढाच वेळ थंड होऊ द्यायचं, घाई केली की संपलं. दर टोकाला ३ मिमी वितळून जातं, ते कापतानाच जास्त धरा, आणि आतली स्टीलची पट्टी प्लेटला लागणार नाही एवढी आखूड ठेवा.

नमुन्याचा कोपरा मोडून बघितला, सांधा धरून राहिला, प्रोफाइल बाजूला फाटलं. काकूंची फ्रेम बदलून दिली.