तरंगता लष्करी पूल कसा टाकतात: श्रीखंडाच्या डब्यांपासून रणगाड्यापर्यंत

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी नागपूर शहरात घुसलं, तेव्हा माझ्या भाच्यानं विचारलं होतं, "मामा, आर्मी आली ना, मग सीताबर्डीत पूल काऊन नाही टाकला?" त्याला तेव्हा दोन वाक्यात सांगितलं की पूल नाही बोटी लागतात, पण नीट समजावायचं राहूनच गेलं होतं, ते आता लिहितोय.

आधी घरी एक प्रयोग करा, खरंच करा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. अर्ध्या किलोचे, सरळ भिंतींचे पाच चौकोनी श्रीखंडाचे डबे घ्या, झाकणं घट्ट लावा आणि मोठ्या टबात सोडा. एका डब्यावर किराणावाल्याकडचं ५०० ग्रॅमचं माप ठेवा, डबा कलंडतो नाहीतर बुडतो. आता डबे कोरडे करून एका ओळीत चिकटून ठेवा आणि फक्त वरून, झाकणांवर टेप लावून जोडा. मधल्या डब्यावर माप ठेवलं की मधला खाली जातो, खालच्या फटी उघडतात आणि बाजूचे डबे मदतीला येतच नाहीत. मग तीच टेप काढून खालून, बुडाला ताणून लावा. आता वजन पडलं की वरच्या कडा एकमेकींना दाबतात, खालची टेप ताणली जाते आणि पाचही डबे मिळून वजन उचलतात.

लष्करी पुलाचं सगळं मर्म या खालच्या जोडात आहे, तरंगणं त्यामानानं सोपं. सोव्हिएत सैन्याचा पीएमपी पूल घ्या, १९६० च्या दशकातला, पुढे जगभरातले असे पूल त्याच्याच वळणावर गेले. त्याचा एक पाँटून, म्हणजे पुलाचा एक पोकळ तरंगता तुकडा, ६.७५ मीटर लांब आणि उघडल्यावर साधारण ८ मीटर रुंद. म्हणजे तो १ सेंटिमीटर खाली गेला की अर्ध्या टनाहून थोडं जास्त पाणी बाजूला सारतो. टी-९० रणगाडा जवळपास ४६ टनांचा, म्हणजे एकट्या पाँटूनवर चढवला तर तो ८० सेंटिमीटरच्या वर खाली जाणार आणि डेकवर पाणी येणार. पण शेजारचे पाँटून कडक जोडलेले असले तर तेच वजन चार-पाच जणांत वाटलं जातं आणि पूल वीतभरच दबतो. म्हणूनच खालच्या लॉकला इतकं जपतात, एक लॉक अर्धवट बसलं तरी तिथे बिजागरी तयार होते.

आता नदीवर काय करतात ते. सॅपर लोकं, म्हणजे लष्करातले इंजिनियर (आपल्याकडे खडकीचे बॉम्बे सॅपर्स वगैरे), आधी पूल बघत नाहीत, काठ बघतात. नदी किती रुंद, प्रवाह किती जोरात, खोली किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पलीकडचा काठ कसा आहे. कामठीजवळ कन्हानच्या काठावर पावसाळ्यानंतर उभे राहून बघा, वाळू आणि मऊ गाळ, त्यात भरलेला ट्रक रिव्हर्स घेतला की चाकं रुतलीच समजा, म्हणून काठावर आधी धातूच्या पट्ट्यांचा रस्ता अंथरतात. पलीकडे गाड्या वर चढू शकत नसतील तर पूल कितीही चांगला असो, सगळ्या गाड्या त्याच्यावरच अडकून पडतील.

मग पाँटून पाण्यात टाकायचे. प्रत्येक पाँटून म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेले चार तुकडे, घडीच्या खाटेसारखे मिटवून ट्रकवर ठेवलेले. ट्रक उलटा पाण्यात जातो आणि ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो, घडी रोलरवरून घसरून धप्पकन पाण्यात पडते आणि पाण्याच्या रेट्यानंच उघडते. दोन-चार जवान लगेच वर चढून लॉक लावतात आणि मोटरबोट त्याला ढकलत पुढच्यापाशी नेते. बऱ्याचदा सगळी ओळ आपल्याच काठाला समांतर जोडतात आणि मग बोटींनी एक टोक फिरवत पलीकडे नेतात, दार उघडल्यासारखं. दोन्ही टोकांना रॅम्पवाले वेगळे तुकडे. पीएमपीचा पूर्ण सेट लावला तर ६० टनी पूल २२७ मीटर होतो. नदी पुलाच्या लांबीपेक्षा रुंद असेल किंवा वेळ कमी असेल तर चार-सहा पाँटूनचा तराफा करून गाड्या फेऱ्यांनी नेतात.

प्रवाहासाठी वरच्या बाजूला नांगर टाकतात, नाहीतर बोटी पुलाला टेकून प्रवाहाच्या उलट ढकलत राहतात, तासन् तास. पुलावर गाड्या हळू, एकाच वेगानं, दोघांत साधारण ३० मीटर अंतर ठेवून, मध्येच ब्रेक नाही, कारण ब्रेकचा धक्का लॉकवर आणि नांगरावर जातो.

६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तच्या सैन्यानं सुएझ कालवा ओलांडला तेव्हा असेच पूल होते. पलीकडचा वाळूचा उंच बंधारा त्यांनी पाण्याच्या पंपांनी धुवून त्यात वाटा पाडल्या, म्हणजे पुन्हा काठाचाच प्रश्न. बॉम्बनं एखादा पाँटून गेला की तेवढाच काढून दुसरा बसवायचा, सुट्या तुकड्यांचा हाच मोठा फायदा. पण पुलापाशी गर्दी झाली की शत्रूला सोपं लक्ष्य मिळतं. मे २०२२ मध्ये युक्रेनच्या सिव्हेर्स्की दोनेत्स नदीवर रशियाचे पूल आणि काठावर थांबलेल्या गाड्या तोफखान्यानं फोडल्या.

आता भाच्याचा प्रश्न. सीताबर्डीच्या गल्लीत ना ट्रक रिव्हर्स घ्यायला जागा, ना पाँटून उघडायला ८ मीटर, खाली दुभाजक आणि बुडालेल्या गाड्या, आणि पुराचं पाणी काही तासांत उतरणारं. तिथे लोकांच्या दारापर्यंत जाणारी छोटी बोटच हवी होती आणि जवान तीच घेऊन आले होते.

काम झालं की पूल उलट्या क्रमानं सुटतो. ट्रकवरची विंच दोर ओढते, पाँटून वर येता येता स्वतःच मिटत जातो. लॉक चिखलातून निघालेलं असतं, त्यात अडकलेली वाळू धुवून ते साफ करावंच लागतं, नाहीतर पुढच्या नदीवर ते नीट बसणार नाही.