रोबोट रडला की पोरं कोडिंग सोडतात, या चुका टाळा

अमळनेरकडे दुसरी-तिसरीच्या पोरांना टॅबवर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रामिंग शिकवत होतो, ॲपमध्ये एक रोबोट, बरोबर आलं की नाचायचा आणि चुकलं की डोळ्यात पाणी. मला वाटलं भारी आहे, पोरांना लळा लागेल. तिसऱ्या दिवशी एका पोरीने टॅब पालथा घालून ठेवला. का गं? "सर, तो रडस."

सगळ्यात मोठी चूक हीच. प्रोग्राम तर दहादा चुकतोच, आणि दर चुकीला कोणीतरी रडणार असेल तर पोरगं चुकायलाच घाबरतं, मग सोपंच गणित पुन्हा पुन्हा करत बसतं. सेटिंगमध्ये ते रडणं बंद होत असेल तर आधी बंद करा, नसेल होत तर ॲप बदला सरळ. रोबोटने एवढंच म्हणावं की मी या ठोकळ्यापाशी अडकलो, बघ ना जरा. म्हणजे अडकलेला तो आणि सोडवणारी पोरगी, तिची मान वर राहते.

"तू किती हुशार!" हेपण नको. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केला होता, हुशार म्हटलेली मुलं अवघड कोड्यात हरल्यावर लवकर कच खायची आणि मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहायची. म्हणून "तू ठोकळा तीनदा बदलून पाहिलास" असं नेमकं बोला. स्टार-बक्षिसं तर कमीच ठेवा.

भाषेचं बघा. घरी अहिराणी बोलणाऱ्या लेकराला रोबोट पुस्तकी मराठीत बोलला की ते गप्पच बसतं. स्क्रॅच ज्युनिअर हे प्रोग्रामिंगचं ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, ठोकळ्यांवर चित्रं असतात आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो, तर पोरांनाच बोलू द्या ना त्यातल्या मांजरीच्या तोंडून! आमच्याकडे मांजर अहिराणीत बोलायला लागल्यावर तीच पोरगी सुट्टीतपण टॅब सोडेना.

आणि पोरांशी खरं बोला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, टॅब तापून बंद पडतो, पोरांना वाटतं रोबोट मेला. तेव्हा "झोपलाय तो" म्हणून वेळ मारून नेऊ नका, टॅब गरम झाला म्हणून बंद पडला, आत कोणी राहत नाही, चित्र आणि आवाज आपणच घातलेत, असं सांगा. सावलीत ठेवून अर्ध्या तासाने चालू करा, तोवर अंगणात खडूने चौकोन आखून एकाने रोबोट व्हायचं आणि बाकीच्यांनी सूचना द्यायच्या.