२० मेला सोसायटीत मधमाशी दिवस करायचाय? मग आधी गच्चीवर जाऊन बघा

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस. स्लोव्हेनियाच्या मागणीवरून युनोने २०१७ मध्ये ठराव केला आणि २०१८ पासून तो पाळला जातो, तारीख ठेवली ती १७३४ साली जन्मलेल्या आंतोन यान्शा या मधपाळाच्या आठवणीत, व्हिएन्नात लोकांना मधमाशीपालन शिकवायचे ते.

आता बॅनर, केक वगैरे नंतर. आठवडाभर आधी बिल्डिंगला एक चक्कर मारा आणि पोळी कुठे कुठे आहेत ते बघून ठेवा. टाकीखाली नाहीतर छज्ज्याला एकच मोठं पोळं लटकतंय तर ते आग्यामोहोळ, त्याच्यापासून लांबच राहायचं. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं छोटं पोळं असेल तर फुलोरी, तिची भीती नको. आणि भिंतीच्या भेगेत, झाडाच्या ढोलीत असेल तर बहुतेक सातेरी, पेटीत पाळतात ती हीच, आग्या पेटीत राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कुणालाही न विचारता आग्यावर फवारणी झाली, सकाळी जिन्यात माश्यांचा खच पडला होता, अजून आठवलं की पोटात तुटतं. म्हणून सांगते, आग्या मोसमाप्रमाणे जागा बदलते, बहर संपला की स्वतःहून निघून जाते, त्यामुळे शक्य असेल तर तेवढा भाग दोरी लावून बंद करा, खाली धूर-फटाके नकोत, आणि काढायलाच लागलं तर न मारता काढणारा माणूस शोधा. चुकून माश्या उठल्याच तर हात झटकत उभं नाही राहायचं, तोंड झाकून सरळ घरात पळायचं, काटा रुतला असेल तर लगेच नखाने खरवडून काढायचा.

त्या दिवशी एखाद्या मधपाळाला बोलवा आणि मानधन द्या, प्लीज. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, जवळच मांघर हे मधाचं गाव आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करता येते. मे महिन्याच्या उन्हात भरलेली पेटी प्रवासात आणायला लावू नका, रिकामी पेटी, चौकटी, तोंडावर घ्यायची जाळी आणि माश्यांना धूर द्यायचं धुराडं एवढं पुरतं, पोरं त्यातच रमतात. त्यांचा मधही तिथेच विकायला ठेवा. मध खाली साखरेसारखा बसला म्हणजे भेसळ असं नसतं, थंडीत चांगला मधही गोठतो, आणि पाण्यात थेंब सोडायच्या टेस्टवर तर अजिबात जाऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

पाण्याचं काम सगळ्यात सोपं. पसरट ताटलीत खडे ठेवून ते वर राहतील इतकंच पाणी ओतायचं, नाहीतर माश्या बुडतात, ताटली सावलीत ठेवून रोज पाणी बदलायचं म्हणजे डासही होत नाहीत.

जागा असेल तर मेमध्येच खड्डे घेऊन ठेवा आणि पाऊस लागला की शेवगा, जांभूळ, करंज लावा. जागा नसेल तर गॅलरीतली तुळस आहेच ना, फक्त सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, चार-पाच तरी फुलू द्या, सकाळी कॉफी घेऊन बसलात की माश्या दिसायला लागतील.